वृद्धिघटक, रिसेप्टर आणि कॅन्सरची औषधं: गाठ नेमकी कशावर जगते?

पेशीवेध

'टार्गेटेड थेरपी', म्हणजे गाठीतल्या ठराविक रेणूवर नेम धरणारी औषधं, हा शब्द आता सगळ्यांच्या तोंडी आहे, आणि त्यासोबत एक समजूतही पसरली आहे: ही औषधं म्हणजे केमोचीच सुधारलेली, सौम्य जात, कुणालाही दिली तरी थोडाफार गुण येणारच. तसं नाही. गुण येणार की नाही हे औषधापेक्षा त्या गाठीवर ठरतं. तिच्या पेशी कोणत्या संदेशावर जगताहेत, हा खरा प्रश्न आहे. तो नीट कळावा म्हणून हा धागा. मी पेशीजीवशास्त्र शिकवतो, रुग्ण तपासत नाही, हे आधीच सांगतो.

काचेच्या बशीत पेशी ठेवा. साखर, अमिनो आम्लं, क्षार, ऊब, सगळं द्या. पेशी काही काळ तग धरतील, पण बहुतेक जातींच्या पेशी विभागणार नाहीत. त्यात सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर सुटणारा द्रव, घातलं की विभागायला लागतील. गंमत म्हणजे न गोठलेल्या रक्तातला प्लाझ्मा घातला तर हा परिणाम फारच कमी दिसतो. रक्त गोठताना प्लेटलेट्समधून एक प्रथिन बाहेर पडतं, ते सीरममध्ये असतं आणि प्लाझ्मात जवळपास नसतं. हा पीडीजीएफ, म्हणजे प्लेटलेट्समधून येणारा वृद्धिघटक. जखम झाली, रक्त गोठलं, की आजूबाजूच्या पेशींना 'आता वाढा' हा निरोप तिथल्या तिथे मिळतो. अन्न असलं म्हणून पेशी वाढत नाही, तिला परवानगी लागते.

हे वृद्धिघटक सापडले कसे, ते मला फार आवडतं, म्हणून थोडं सविस्तर.

इटलीत १९३८ साली वंशभेदाचे कायदे आले आणि ज्यू असल्यामुळे रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांना विद्यापीठाचे दरवाजे बंद झाले. त्यांनी तुरिनच्या घरात, झोपायच्या खोलीत प्रयोगशाळा मांडली आणि कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भाच्या मज्जासंस्थेचा अभ्यास चालू ठेवला. युद्ध संपल्यावर १९४७ साली त्या अमेरिकेत सेंट लुईसला व्हिक्टर हॅम्बर्गर यांच्याकडे गेल्या. उंदराची एक विशिष्ट गाठ कोंबडीच्या गर्भात रोवली की मज्जातंतू बेसुमार वाढतात, हे तिथे दिसत होतं. त्यांनी पुढचा प्रयोग केला: गाठ गर्भाला चिकटू न देता बाहेरच्या पडद्यावर ठेवली. तंतू तरीही वाढले. म्हणजे गाठीतून काहीतरी झिरपून दूरवर पोचत होतं.

ते 'काहीतरी' शुद्ध करायचं काम स्टॅन्ली कोहेन या जीवरसायनशास्त्रज्ञाकडे आलं. त्यात न्यूक्लिक आम्लाचा हात आहे का हे तपासण्यासाठी ते आम्ल तोडणारं सापाचं विष त्यांनी मिसळलं, तर परिणाम उलट वाढला! हा घटक त्या विषातच गाठीपेक्षा कितीतरी जास्त होता. सापाची विषग्रंथी ही लाळग्रंथीचीच बहीण, म्हणून मग त्यांनी नर उंदराची लाळग्रंथी तपासली. तिथे तर भांडारच होतं. हा एनजीएफ, मज्जापेशींचा वृद्धिघटक.

त्या लाळग्रंथीचा अर्क नवजात उंदरांना टोचला तेव्हा आणखी एक गोष्ट घडली. पिल्लांचे डोळे एरवी साधारण दोन आठवड्यांनी उघडतात, ते आठवड्याभरातच उघडले. दातही लवकर आले. एखाद्याने हा अर्कातल्या अशुद्धतेचा दोष म्हणून सोडून दिलं असतं. कोहेन त्या डोळ्यांच्या मागे लागले आणि १९६२ साली ५३ अमिनो आम्लांचं एक छोटं प्रथिन त्यांनी वेगळं केलं: ईजीएफ. त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशी तो वाढवत होता, म्हणून पापण्या लवकर सुट्या होत होत्या. दोघांना १९८६ चं नोबेल मिळालं.

आता रिसेप्टर. ईजीएफला काम करायला पेशीत शिरावं लागत नाही. पेशीच्या पटलात आरपार बसलेलं एक प्रथिन असतं, ईजीएफआर. त्याचं एक टोक बाहेर, एक आत. बाहेरच्या टोकाला ईजीएफ बसला की त्या टोकाचा आकार बदलतो आणि शेजारचे दोन रिसेप्टर जोडीने एकत्र येतात. दोघांच्या आतल्या टोकांवर टायरोसिन कायनेज नावाचं एन्झाइम असतं. ते जोडीदाराच्या टायरोसिनवर फॉस्फेट चिकटवतं. या फॉस्फेटच्या खुणांवर आतली प्रथिनं येऊन बसतात आणि निरोप पुढे सरकतो. एक वाट रास, राफ, मेक, ईआरके या प्रथिनांमधून केंद्रकापर्यंत जाते आणि विभाजनाची जनुकं जागी करते. दुसरी वाट पीआय३के आणि एकेटी यांची, ती मुख्यतः 'मरू नकोस' हे सांगते.

आणि मग निरोप थांबतो, याकडे फार कुणाचं लक्ष जात नाही. काही मिनिटांतच पेशी तो रिसेप्टर आत ओढून घेते आणि बऱ्याच रिसेप्टरांचा चुराडा करते. निरोगी पेशीत चालू होणं आणि बंद होणं अशी दोन्ही कामं तितक्याच काटेकोरपणे चालतात.

कॅन्सरशी याचा थेट धागा १९८४ साली जुळला. कोंबड्यांना रक्ताचा कॅन्सर करणाऱ्या एका विषाणूत अर्ब-बी नावाचं जनुक होतं. मायकेल वॉटरफिल्ड यांच्या लंडनमधल्या गटाने ईजीएफआरच्या तुकड्यांचा क्रम लावला, तेव्हा तो या जनुकाशी जुळला. विषाणूने कधीकाळी कोंबडीच्या पेशीतून रिसेप्टरचंच जनुक उचललं होतं, पण बाहेरचं टोक जवळजवळ सगळं गाळून. कान छाटलेला, निरोपाची वाट न पाहता अखंड चालू राहणारा रिसेप्टर.

इथे थांबतो. प्रश्न विचारा, त्या ओघाने पुढे जाऊ.

रानवारा

धागा आवडला. पापण्यांचा किस्सा माहीत नव्हता. पण माणसाच्या कॅन्सरात विषाणू कुठे असतो? तिथे रिसेप्टर बिघडतो कसा?

पेशीवेध

ढोबळ तीन तऱ्हा. एक, रिसेप्टरच्या जनुकात बदल होऊन तो आपोआप चालू राहतो. फुप्फुसाच्या काही कॅन्सरांत ईजीएफआरचं हेच होतं. दोन, रिसेप्टर धड असतो पण त्याच्या जनुकाच्या प्रतीच वाढतात आणि पटलावर त्याची गर्दी होते. तीन, पेशी स्वतःच वृद्धिघटक बनवते आणि स्वतःच ऐकते.

दुसऱ्या तऱ्हेचं ठळक उदाहरण म्हणजे हर-२. हा ईजीएफआरचा भाऊ. निरोगी स्तनपेशीवर हे रिसेप्टर साधारण २० हजार असतात, हर-२ पॉझिटिव्ह गाठीच्या पेशीवर ते २० लाखांपर्यंत जाऊ शकतात. हर-२ चं वैशिष्ट्य असं की त्याला बसणारा कोणताही वृद्धिघटक आजवर सापडलेला नाही. त्याचा आकार मुळातच जोडी जमवायला उघडा असतो. त्यामुळे गर्दी झाली की निरोपाविनाच जोड्या जमतात. तिसरा भाऊ हर-३, त्याचं कायनेज अगदी दुबळं, पण हर-२ शी जोडी झाली की हीच जोडी सगळ्यात जोरकस ठरते.

डेनिस स्लेमन आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली १८९ स्तनगाठी तपासल्या. सुमारे ३० टक्क्यांत हर-२ च्या प्रती वाढलेल्या होत्या, आणि त्या स्त्रियांचा आजार लवकर उलटत होता. (आज हे प्रमाण १५ ते २० टक्के धरतात.) या कामातून हर-२ ला चिकटणारं ट्रास्टुझुमॅब हे प्रतिपिंड (अँटिबॉडी) आलं आणि सप्टेंबर १९९८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. त्या चाचण्यांत फक्त हर-२ वाढलेल्या रुग्णांनाच घेतलं होतं. सरसकट सगळ्यांना दिलं असतं तर फायदा इतका पातळ झाला असता की कदाचित औषध फेकूनच दिलं गेलं असतं. माझा मुद्दा इथेच आहे.

अबोली

नमस्कार. फक्त वाचणारी आहे, आज पहिल्यांदा लिहितेय. मावशीच्या बायोप्सीच्या रिपोर्टवर 'हर-२: २+' असं आहे. नेटवर कुठे पॉझिटिव्ह म्हणतात, कुठे निगेटिव्ह. घरात सगळे गोंधळलेत. ह्याचा अर्थ काय?

सूक्ष्मदर्शक

अबोलीताई, मी पॅथॉलॉजिस्ट आहे. २+ चा अर्थ 'अजून ठरलेलं नाही' एवढाच. घाबरूही नका आणि निर्धास्तही होऊ नका.

बायोप्सीच्या पातळ कापावर हर-२ ला चिकटणारं रंगीत प्रतिपिंड घालून आम्ही पेशीच्या कडा किती रंगल्या ते पाहतो. दहा टक्क्यांहून जास्त पेशींच्या कडा पूर्ण आणि गडद रंगल्या की ३+, म्हणजे पॉझिटिव्ह. ० आणि १+ हे परंपरेने निगेटिव्ह. २+ मध्ये रंग फिका ते मध्यम असतो, आणि नुसत्या डोळ्यांनी त्याचा निवाडा करू नये. तेव्हा फिश ही चाचणी करतात. त्यात १७ व्या गुणसूत्रावरच्या हर-२ जनुकाच्या प्रती चमकत्या ठिपक्यांनी मोजतात. प्रती वाढलेल्या निघाल्या तर पॉझिटिव्ह, नाहीतर निगेटिव्ह. नवा तुकडा काढावा लागत नाही, आहे त्याच मेणाच्या ब्लॉकवर चाचणी होते. फिश सांगितली आहे का, हे डॉक्टरांना विचारा.

या निमित्ताने सगळ्यांसाठी एक गोष्ट लिहितो, कारण ती रुग्णालयाबाहेर कुणाला माहीतच नसते. काढलेला तुकडा तासाभराच्या आत फॉर्मॅलिनमध्ये जायला हवा आणि तिथे किमान ६ आणि जास्तीत जास्त ७२ तास राहायला हवा. तुकडा नुसताच पडून राहिला किंवा फॉर्मॅलिन नीट मुरलं नाही, तर रंग खोटा येऊ शकतो. जगातलं उत्तम औषध घेतलं तरी पहिली पायरी हीच आहे.

अबोली

खूप खूप आभार. एवढ्या साध्या शब्दांत आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

पेशीवेध

सूक्ष्मदर्शक यांनी 'परंपरेने निगेटिव्ह' म्हटलंय, त्यात एक पुरवणी. ट्रास्टुझुमॅबला केमोचा रेणू जोडलेली नवी औषधं आली आहेत. त्यांतलं ट्रास्टुझुमॅब डेरुक्स्टेकॅन १+ असलेल्या किंवा २+ पण फिश निगेटिव्ह असलेल्या, पसरलेल्या आजारातही उपयोगी ठरतं, हे २०२२ साली सिद्ध झालं. कारण त्याचं काम वेगळं. साधं ट्रास्टुझुमॅब रिसेप्टरचा निरोप तोडतं आणि रोगप्रतिकारक पेशींना बोलावतं, त्यासाठी गाठ हर-२ वर जगत असायला लागते. हे जोड-औषध रिसेप्टरला फक्त आत शिरायचं दार म्हणून वापरतं. दार थोडं असलं तरी चालतं.

कुतूहल

पण हेच रिसेप्टर निरोगी पेशींवरही असतात ना? ते बंद केले तर त्या पेशींचं काय?

पेशीवेध

अगदी नेमका प्रश्न. ज्या अवयवाला जो रिसेप्टर लागतो, तिथे त्रास होतो.

ईजीएफआर त्वचेला आणि आतड्याच्या अस्तराला लागतो. म्हणून ईजीएफआर अडवणारं सेटुक्सिमॅब हे प्रतिपिंड किंवा तेच काम करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना चेहऱ्यावर, छातीवर मुरमांसारखं पुरळ येतं, जुलाब होतात. ते पुरळ ॲलर्जी नाही, औषध रिसेप्टरवर नीट बसल्याची ती खूण आहे. (तरी ते सोसत बसू नका, त्यावर उपचार आहेत.) मूत्रपिंडात मॅग्नेशियम राखायलाही ईजीएफ लागतो, त्यामुळे सेटुक्सिमॅब घेताना रक्तातलं मॅग्नेशियम घसरतं आणि ते तपासत राहावं लागतं.

हर-२ चा संबंध हृदयाशी. हर-२ नसलेले उंदरांचे गर्भ हृदय नीट न बनल्यामुळे गर्भातच मरतात. ट्रास्टुझुमॅबच्या पहिल्या मोठ्या चाचणीत ॲन्थ्रासायक्लिन गटाच्या केमोसोबत ते दिलं तेव्हा २७ टक्के रुग्णांच्या हृदयावर परिणाम दिसला, नुसत्या केमोत तो ८ टक्के होता. म्हणून आता ही दोन औषधं एकाच वेळी देणं टाळतात आणि दर काही महिन्यांनी इको करतात. बहुतेकांचं हृदय औषध थांबवल्यावर सावरतं.

कुतूहल

धन्यवाद. अजून एक, मूर्खपणाचा वाटला तर सोडून द्या. वृद्धिघटकांनी गाठ वाढते म्हणता, मग केमोनंतर पांढऱ्या पेशी वाढवायची इंजेक्शनं देतात ती काय? तेही वृद्धिघटकच ना?

पेशीवेध

मूर्खपणाचा अजिबात नाही, परीक्षेत विचारावा असा आहे. हो, तो जी-सीएसएफ, वृद्धिघटकच. १९९१ पासून वापरात आहे. पण त्याचा रिसेप्टर मुख्यतः अस्थिमज्जेतल्या पांढऱ्या पेशींच्या वंशावर असतो. स्तनाच्या किंवा फुप्फुसाच्या गाठीला तो सहसा ऐकूच जात नाही. वृद्धिघटक 'वाढ' म्हणून ओरडला तरी ज्याच्याकडे रिसेप्टर आहे तोच वाढतो.

तरी सावधगिरी लागतेच. तांबड्या पेशी वाढवणाऱ्या एरिथ्रोपोएटिनच्या बाबतीत काही चाचण्यांत कॅन्सर रुग्णांचं आयुष्य कमी झाल्याचं दिसलं आणि २००७ साली अमेरिकेच्या औषध नियामकांनी ठळक इशारा दिला. आज ते मोजून-मापून, ठराविक परिस्थितीतच देतात.

रानवारा

थोडा विरोधी सूर लावतो. माझ्या जवळच्या एका व्यक्तीला फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी ईजीएफआरची गोळी होती. सुरुवातीला चमत्कार वाटावा असा फरक. नंतर सगळं परत. मग 'गाठ कशावर जगते ते ओळखलं' ह्याचा उपयोग काय? गाठ वाट बदलतेच की.

पेशीवेध

रानवारा, तुमचं दुःख समजतं, आणि प्रश्न रास्त आहे.

गेफिटिनिब हे ईजीएफआर अडवणारं गोळीतलं औषध २००२-०३ मध्ये बाजारात आलं तेव्हा ते कुणाला लागू पडेल हे कुणालाच सांगता येत नव्हतं. बहुतेकांना काही फरक नाही, आणि थोड्यांना मात्र थक्क करणारा. त्यांत धूम्रपान न केलेले, स्त्रिया आणि पूर्व आशियातले रुग्ण जास्त. २००४ साली उलगडा झाला: त्यांच्या गाठीत ईजीएफआरच्या जनुकात ठराविक बदल होते, मुख्यतः १९ व्या एक्झॉनमधला (जनुकाच्या एका भागातला) छोटा तुकडा गळलेला किंवा ८५८ व्या जागचं अमिनो आम्ल बदललेलं. पटलावर रिसेप्टर किती आहे याला तितकं महत्त्व नव्हतं, तो बिघडलाय का आणि गाठ त्याच्या आधीन आहे का याला होतं.

मग तुम्ही म्हणता ते. पहिल्या पिढीच्या गोळ्यांवर निम्म्या रुग्णांत साधारण दहा महिन्यांत आजार पुन्हा सरकायचा. पण गाठ वाट कशी बदलते, हेही रिसेप्टर पाहूनच कळलं. निम्म्याहून जास्त जणांत ७९० व्या जागी नवा बदल झालेला असे, त्यामुळे गोळीची पकड सुटे. म्हणजे गाठ अजून त्याच रिसेप्टरवर जगत होती! हे कळल्यामुळेच त्या बदलासकट काम करणारं ओसिमर्टिनिब बनवता आलं, २०१५ मध्ये मान्यता मिळाली. पुढे ते सुरुवातीलाच दिलं तेव्हा तोच काळ जवळपास १९ महिन्यांवर गेला. त्यावरही गाठ तोड काढते, कधी ७९७ व्या जागी बदल करून, कधी मेट नावाच्या दुसऱ्याच रिसेप्टरचा आधार घेऊन. हा आजार पूर्ण बरा होतो असं मी म्हणत नाही. पण 'वाट बदलली' हे कळल्यावर 'कुठे वळली' हे पाहता येतं, आणि पुढचं पाऊल त्यावर ठरतं.

सूक्ष्मदर्शक

यासाठीच आजार उलटला की पुन्हा बायोप्सी, किंवा रक्तात सुटलेल्या गाठीच्या डीएनएची तपासणी करतात. जुन्या रिपोर्टवर नवी गोळी ठरवू नये. काही थोड्या रुग्णांत तर फुप्फुसाच्या कॅन्सरची जातच बदलून 'स्मॉल सेल' ही वेगळी जात झालेली आम्हाला दिसते. ते रक्तातून सहजी कळत नाही, तुकडाच लागतो.

रानवारा

आमच्या वेळी दुसरी बायोप्सी झालीच नाही. कुणी सुचवलीही नाही. असो. हे इथे लिहून ठेवलंत ते बरं केलंत.

पेशीवेध

रानवारा, अजून एक उदाहरण देतो. मेलॅनोमा या त्वचेच्या कॅन्सरात बीराफ (वरच्या वाटेवरल्या राफचाच एक प्रकार) जनुकातला ६०० व्या जागचा बदल असेल तर बीराफ दाबणाऱ्या वेमुराफेनिबने गाठी वितळतात. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरातही अगदी तोच बदल सापडतो, पण तिथे तेच औषध जवळजवळ निकामी. असं का, ते २०१२ साली कळलं. बीराफ दाबला की आतड्याच्या पेशीत ईजीएफआरवरचा लगाम सुटतो आणि तो बाजूने निरोप चालू करतो. मेलॅनोमाच्या पेशींत ईजीएफआर मुळातच कमी असतो. मग आतड्याच्या कॅन्सरात बीराफ आणि ईजीएफआर दोन्ही एकाच वेळी अडवून पाहिले आणि ते लागू पडलं. एनकोराफेनिब (बीराफ दाबणारं) आणि सेटुक्सिमॅबची ही जोडी २०२० मध्ये मान्य झाली. जनुकातला बदल तोच, पण अवयव बदलला की उत्तर बदलतं.

कुतूहल

आयजीएफ, म्हणजे इन्सुलिनसारख्या वृद्धिघटकाबद्दल कुणी बोललं नाही. त्याच्या रिसेप्टरवर औषध का नाही?

पेशीवेध

केलं होतं, एक नाही अनेक. फिजिटुमुमॅब मोठ्या चाचणीत अपयशी ठरलं, बाकीचीही बहुतेक मागे पडली. कोणत्या गाठी त्या रिसेप्टरवर जगतात हे सांगणारी खात्रीची खूण कधी सापडली नाही. त्याच प्रयत्नांतलं टेप्रोटुमुमॅब मात्र २०२० मध्ये थायरॉइडमुळे डोळे बाहेर येण्याच्या आजारासाठी मान्य झालं, कारण तिथे डोळ्यामागच्या पेशी खरोखरच त्या रिसेप्टरवर चालतात.

अबोली

डॉक्टरांशी बोलणं झालं. फिश सांगितलेलीच होती, ब्लॉक गेलाय. केमो सोमवारी सुरू करायची म्हणतात. फिशचा रिपोर्ट येईपर्यंत थांबायला सांगावं का?

सूक्ष्मदर्शक

ताई, तो निर्णय त्यांचाच, ते मावशींना समोर पाहताहेत. पण 'फिश पॉझिटिव्ह आली तर पहिल्या दिवसापासूनची औषधं बदलतील का?' हे सोमवारच्या आत त्यांना नक्की विचारा. 'हो' म्हणाले तर रिपोर्ट कधी येणार हे लॅबला फोन करून विचारा, आणि केमो ठरलेली आहे हेही त्यांना सांगा. अशा वेळी लॅब तो नमुना पुढे घेऊ शकते.